खोकणाऱ्या घोड्याचा आरटी-पीसीआर: नाकातली एक काडी नेमकं काय सांगते?

ज्यांना हेडफोन सापडत नाहीत, किंवा एसटीत बसून वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी उतारा. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय ना’ तेवढे काढलेत, बाकी आपली भाषा आहे तशीच ठेवली आहे.

आजचा विषय आहे घोड्याचा खोकला. हसू नका. २०२० साली आपल्या सगळ्यांच्या नाकात ती लांब काडी गेली होती, आठवतंय ना? डोळ्यांत पाणी, मग मोबाइलवर रिपोर्टची वाट. तीच चाचणी घोड्याचीही होते. घोड्यांच्या दुनियेत ती कोरोनाच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. आज मी सांगणार आहे की ती आतून कशी चालते, कधी फसते, आणि बारामती-इंदापूरकडच्या घोडेवाल्याला तिचा उपयोग काय.

पण आपल्याकडे घोडे आहेत कुठे?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. रेसकोर्स पुण्यात, आपल्याकडे ऊस आणि द्राक्षं. पण जरा डोळे उघडे ठेवून बघा.

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते ती काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी करत नीरा ओलांडून अकलूजला जाते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होतं, अश्व धावतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. हा झाला मानाचा घोडा.

मग लग्नसराईतला वरातीचा घोडा. आज बारामती, उद्या भिगवण, परवा दौंड. आणि ज्याची सगळ्यात कमी चर्चा होते तो धनगर बांधवांच्या वाड्यातला घोडा. दिवाळीनंतर इथले मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी परततात. त्या प्रवासात भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लहान पोरसुद्धा घोड्याच्याच पाठीवर असतं. तो घोडा म्हणजे त्या कुटुंबाचं चालतं घर.

गाढवांनाही विसरू नका. वीटभट्टीवरची गाढवं, आणि जवळच जेजुरीला पौष पौर्णिमेला भरणारा गाढवांचा बाजार. घोड्यांचे श्वसनाचे बरेच विषाणू गाढवांना आणि खेचरांनाही होतात. इन्फ्लुएन्झा तर गाढवाला घोड्यापेक्षा जड जातो.

२०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून उरले होते फक्त ३.४ लाख. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी. गाढवं उरली होती १.२ लाख. संख्या कमी म्हणून लक्ष कमी. गाई-म्हशीला ताप आला तर गावात दहा जण सल्ला देतात. घोडं खोकलं तर “धूळ गेली असंल नाकात” म्हणून विषय संपतो.

शेंबूड एकच, आजार चार

घोड्याला ताप आहे, तो खोकतोय, नाकातून पाणी गळतंय, चारा सोडलाय. यामागे काय असू शकतं?

पहिला, घोड्यांचा इन्फ्लुएन्झा. सध्या जगभर घोड्यांत फिरणारा प्रकार म्हणजे एच३एन८. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत ताप चढतो, १०६ फॅरनहाइटपर्यंतही जातो. कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला येतो. आणि पसरायचा वेग असा, की आज एक घोडा खोकतोय तर चार दिवसांत सगळी पागा खोकते.

दुसरा, घोड्यांचा हर्पीस विषाणू. यात ईएचव्ही-१ आणि ईएचव्ही-४ असे दोन मुख्य प्रकार. ईएचव्ही-४ बहुतेक वेळा शिंगरांना सर्दी-ताप देऊन थांबतो. ईएचव्ही-१ मात्र घातक ठरू शकतो. गाभण घोडी शेवटच्या महिन्यांत गाभडते. कधी विषाणू मज्जासंस्थेवर हल्ला करतो, मग मागचे पाय लटपटतात, लघवी थेंब थेंब गळते, घोडा बसला की उठत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या घोडेस्पर्धेत हाच पसरला आणि युरोपच्या मुख्य भूमीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा काही आठवडे बंद ठेवाव्या लागल्या.

तिसरा आहे स्ट्रँगल्स. हा विषाणू नाही, जिवाणू. घट्ट पिवळा शेंबूड येतो, जबड्याखाली गाठी येतात, त्या फुटून पू वाहतो.

चौथ्याचं नाव ऐकून डॉक्टरही सावध होतात. ग्लँडर्स. हाही जिवाणू, आणि हा माणसाला होतो, जिवावर बेतू शकतो. लांबची गोष्ट नाही ही. २००६ साली पुणे आणि पाचगणी भागातल्या घोड्यांमध्ये ग्लँडर्स सापडला होता. संशय आला तरी सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

पहिल्या दोन दिवसांत हे चारही आजार जवळजवळ सारखेच दिसतात. ताप, नाक, खोकला. अनुभवी डॉक्टरांचा अंदाज चांगला असतो, पण तो अंदाजच. आणि पुढचं वागणं मात्र चारही बाबतीत वेगळं. इन्फ्लुएन्झा असेल तर सगळ्या घोड्यांची ये-जा लगेच थांबवायची. ईएचव्ही-१ असेल तर गाभण घोड्या आधी बाजूला काढायच्या. ग्लँडर्सचा संशय असेल तर माणसांनी हातमोजे आणि मास्क घालायचे, घरच्या पोरांना घोड्याजवळ फिरकू द्यायचं नाही.

म्हणजे बघा, विषाणूवर थेट औषध नसलं तरी त्याचं नाव कळणं गरजेचं असतं. ते नाव कळतं जनुकीय चाचणीतून.

मशिनच्या आत काय चालतं?

प्रत्येक विषाणूकडे स्वतःची जनुकीय लिपी असते. इन्फ्लुएन्झाची आरएनएमध्ये, हर्पीसची डीएनएमध्ये. चाचणी या लिपीतली एक ठरावीक ओळ शोधते.

अडचण अशी, की नाकातून आलेल्या स्रावात ती ओळ अगदी थोडी असते. ऊसाच्या फडात पडलेली सुई समजा. मग शास्त्रज्ञांनी युक्ती काय केली? सुई शोधत बसण्यापेक्षा सुईच्या इतक्या नकला काढायच्या की फडभर सुयाच दिसतील. कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला ही कल्पना १९८३ साली सुचली आणि १९९३ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. हीच पीसीआर.

स्रावातून जनुकीय द्रव्य वेगळं करतात. इन्फ्लुएन्झा असेल तर आधी आरएनएची डीएनए नक्कल बनवतात, ‘आरटी’ म्हणतात ते यालाच. मग त्यात प्रायमर टाकतात. प्रायमर म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले छोटे तुकडे, जे फक्त त्या विषाणूच्या ओळीलाच जाऊन चिकटतात. मशिन तापतं, डीएनएची जोडी सुटते. थोडं थंड होतं, प्रायमर चिकटतात. मग एन्झाइम नवी नक्कल बांधतं. ही झाली एक फेरी. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा फेऱ्यांत हजारावर, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर, तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर!

प्रत्येक नकलेबरोबर थोडा प्रकाश वाढतो. तो किती फेऱ्यांनंतर ठळक दिसला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. कोरोनात हा शब्द आपल्या तोंडी बसला होताच. १८ आला तर विषाणू भरपूर, ३६ आला तर अगदी चिमूटभर. आकडा लहान तेवढा विषाणू जास्त.

इन्फ्लुएन्झासाठी आधी मॅट्रिक्स नावाचं जनुक शोधतात, कारण ते फारसं बदलत नाही. म्हणजे ‘इन्फ्लुएन्झा-ए आहे का’ याचं उत्तर मिळतं. मग पृष्ठभागावरच्या एच आणि एन या प्रथिनांची जनुकं बघून प्रकार ठरवतात.

२००८: कटऱ्याहून म्हैसूरपर्यंत

आता आपल्याच देशातली खरी गोष्ट. जून २००८. जम्मूमधलं कटरा. वैष्णोदेवीचा पायथा, यात्रेकरूंना वर नेणारी शेकडो घोडी-खेचरं. तिथे घोडे खोकायला लागले. त्याआधी भारतात घोड्यांचा इन्फ्लुएन्झा शेवटचा दिसला होता १९८७ मध्ये. मधल्या दोन दशकांत घोड्यांची नवी पिढी आली होती आणि तिने हा विषाणू पाहिलाच नव्हता.

कटऱ्याहून आजार पसरत गेला. हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तपास हातात घेतला. कटरा, म्हैसूर आणि अहमदाबाद इथल्या आजारी घोड्यांच्या नाकातल्या स्रावातून कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवला. एकाच घोड्याचे आजारात आणि नंतर असे दोनदा रक्तनमुने घेतले. अशा २७१ जोड्यांमध्ये अँटिबॉडी चौपटीहून जास्त वाढलेल्या दिसल्या. एकूण ११ राज्यांत इन्फ्लुएन्झा पक्का झाला.

आता यातला जनुकीय भाग. त्यांनी विषाणूचं एचए जनुक अक्षर न अक्षर वाचलं. निघाला एच३एन८, फ्लोरिडा शाखेचा क्लेड २. आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातलग कोण? २००७-०८ मध्ये चीन आणि मंगोलियात सापडलेले विषाणू. म्हणजे जनुक वाचलं की नाव कळतंच, पण विषाणूचं कूळही कळतं. लस बनवणाऱ्यांना हे लागतंच, कारण जुन्या शाखेवर बनवलेली लस नव्या शाखेसमोर कमी पडू शकते.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय जाणवलं सांगू? सुरुवात यात्रेच्या ठिकाणी झाली. जिथे घोडे जमतात, एकाच हौदावर पाणी पितात आणि रोजीरोटीसाठी तापातही चालतात. आपल्या पालखीमार्गाला, अकलूजच्या घोडेबाजाराला, जेजुरीच्या गाढवबाजाराला हे चित्र परकं नाही.

तुलनेला ऑस्ट्रेलिया बघा. तिथे हा आजार कधीच नव्हता. ऑगस्ट २००७ मध्ये बाहेरून आलेल्या घोड्यांमधून शिरला आणि हजारो ठिकाणी पसरला. त्यांनी घोड्यांची वाहतूक बंद केली, धडाधड पीसीआर केल्या, लसी दिल्या, आणि डिसेंबरनंतर नवा रुग्ण नाही. विषाणूचं नाव लवकर कळलं, म्हणून कुणाला थांबवायचं ते लवकर ठरलं.

काडी कधी आणि कशी?

इथे नीट लक्ष द्या, कारण चाचणी बहुतेक वेळा मशिनमध्ये फसत नाही, गोठ्यात फसते.

सगळ्यात महत्त्वाची वेळ. नाकात विषाणू सगळ्यात जास्त असतो तो ताप चढल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत. आठवडाभर घरगुती उपाय करून, मग कुणाकडून तरी इंजेक्शन मारून, शेवटी डॉक्टरांना बोलावलं तर काडीवर काही सापडेलच असं नाही. घोडा बरा होत असेल, पण शेजारच्या पाच घोड्यांना आजार देऊन झालेला असेल.

मग कुठल्या घोड्याचा स्वॅब घ्यायचा? जो सगळ्यात जास्त थकलाय त्याचा नाही. ज्याला आजच ताप चढलाय त्याचा. म्हणून सगळ्या घोड्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजायचा. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट असतं. खोकल्याच्या आधी ताप येतो, म्हणजे थर्मामीटर तुम्हाला एक दिवस आधी खबर देतो.

काडी डॉक्टरांनीच घालायची. घोड्याचं नाक लांब, त्यामुळे काडीही लांब लागते. लाकडी दांडीचा कापसाचा बोळा चालत नाही, त्यातले घटक चाचणीत अडथळा आणू शकतात. काडी विषाणू टिकवणाऱ्या खास द्रवात बुडवून, बर्फाच्या पिशव्यांबरोबर थर्मासमध्ये ठेवतात. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची नाही, गोठली की नमुना खराब होतो. आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही.

ईएचव्ही-१ चा संशय असेल तर नाकाबरोबर रक्तही घेतात, गोठू न देणाऱ्या नळीत, कारण हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बसून फिरतो. ग्लँडर्ससाठी रक्ताचा वेगळा नमुना लागतो.

नमुना पाठवायचा कुठे, हे तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी ठरवतात. पुण्यात औंधला राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, तीच पश्चिम विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा. घोड्यांच्या आजारांसाठी देशातलं मुख्य केंद्र म्हणजे हिसार, आपल्यापासून जवळजवळ दीड हजार किलोमीटर. एवढ्या प्रवासात बर्फ टिकला पाहिजे, हे लक्षात आलं की घाई का करायची ते कळतं.

रिपोर्ट कसा वाचायचा?

इन्फ्लुएन्झा पॉझिटिव्ह आला तर सरळ आहे. घोडा आजारी आहे आणि आजार वाटतोय.

निगेटिव्ह आला तर? ‘आजार नाही’ असा अर्थ लगेच काढू नका. काडी उशिरा घेतली, वरवर फिरवली किंवा वाटेत गरम झाली, तरी निगेटिव्ह येतो. पागेत तीन घोडे तापलेत आणि एकाचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तर दुसऱ्या ताज्या तापाच्या घोड्याचा स्वॅब घ्यायला सांगा. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने घेऊन अँटिबॉडी वाढल्या का, हेही बघता येतं. तो जुना मार्ग आहे, पण पक्का. फक्त उत्तर उशिरा येतं.

हर्पीसचा पॉझिटिव्ह जरा फसवा. हा विषाणू एकदा शिरला की घोड्याच्या शरीरात आयुष्यभर दडून राहतो, आपल्याकडे कांजिण्यांचा विषाणू दडून पुढे नागीण होऊन निघतो ना, तसंच. लांबचा प्रवास, उपासमार, दुसरा आजार, असा ताण आला की परत जागा होतो. त्यामुळे सीटी ३७ आहे आणि घोडा ठणठणीत आहे, तर तोच आत्ताच्या खोकल्याचं कारण असेल असं नाही. रिपोर्ट, ताप आणि लक्षणं एकत्र ठेवून डॉक्टरच अर्थ लावतात. नुसता रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकून निदान होत नाही, मंडळी.

रिपोर्ट येईपर्यंत काय?

हे मात्र तुमच्या हातात आहे, आणि फुकट आहे.

आजारी घोडा वेगळा बांधा, जमेल तेवढा लांब, कारण इन्फ्लुएन्झाचा खोकला हवेतून बराच दूर जातो. त्याचा तोबरा, बादली, खरारा, लगाम वेगळा ठेवा. आधी निरोगी घोड्यांचं करा, मग आजाऱ्याचं, मग साबणाने हात धुवा आणि कपडे बदला. घोड्यांचा इन्फ्लुएन्झा माणसाला आजारी पाडत नाही असंच समजलं जातं, पण माणूस तो हातावरून आणि कपड्यांवरून पुढच्या पागेत नक्की नेतो. नालबंददादा एका दिवसात चार ठिकाणी जातात, त्यांना आधीच फोन करून सांगा. यात कमीपणा काही नाही.

घोडा कुठेही नेऊ नका. वरातीला नाही, बाजाराला नाही, यात्रेला नाही.

आणि विश्रांती द्या. डॉक्टर साधारण हिशोब सांगतात, तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा आराम. इन्फ्लुएन्झा श्वासनळीतली झाडूसारखी बारीक लव खरवडून टाकतो. ती परत यायला किमान तीन आठवडे लागतात. तोवर घोडा पळवला तर धूळ आणि जंतू थेट फुप्फुसात जातात आणि साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मागून जिवाणू शिरले, तरच डॉक्टर ते देतात.

मला कळतं, हे बोलायला सोपं आहे. लग्नाची सुपारी घेतलेल्या घोडेवाल्याचा महिना बुडतो. वाड्यातल्या धनगर बाईला तर थांबताच येत नाही, मेंढरांचा चारा संपला की बिऱ्हाड हलवावंच लागतं. आणि म्हणूनच मला ही चाचणी शहरी चोचला वाटत नाही. नाव माहीत नसेल तर सगळ्या घोड्यांना अंदाजाने महिनाभर थांबवावं लागतं, किंवा कुणालाच थांबवलं जात नाही. व्यवहारात दुसरंच होतं. नाव कळलं तर कोणतं घोडं थांबवायचं, किती दिवस, आणि ओझं कुणाच्या पाठीवर द्यायचं, हे तरी ठरवता येतं. ज्याच्याकडे एकच घोडा आहे, त्याला या उत्तराची गरज पन्नास घोडेवाल्यापेक्षा जास्त आहे.

तर तुमच्या ओळखीत कुणाकडे घोडा, खेचर किंवा गाढव असेल, तर त्यांच्यासाठी तीन गोष्टी. एक, शंभर रुपयांचा थर्मामीटर घरात ठेवा. दोन, ताप दिसला की त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ ला फोन करा, आणि स्पष्ट विचारा, “डॉक्टरसाहेब, स्वॅब घ्यायचा का?” तीन, रिपोर्ट येईपर्यंत घोडा जागचा हलवू नका.

पुढच्या एपिसोडमध्ये घोड्यांच्या लसींवर बोलू. कोणती, कधी आणि गाभण घोडीला काय. तोवर काळजी घ्या, जनावरांचीही. राम कृष्ण हरी!